'मुंगी चावल्यासारखं' असं सांगू नका, डॉक्टर

प्रति,
महाराष्ट्रातले सगळे दंतवैद्य, तोंड-जबड्याचे सर्जन आणि डेंटल कॉलेजांत शिकवणारे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात दातांच्या दवाखान्यात 22 वर्षं कामाला आहे. लागले तेव्हा पावत्या फाडायच्या आणि फोन घ्यायचा, एवढंच काम होतं. मग हत्यारांचा ट्रे लावणं आलं, सक्शन म्हणजे लाळ ओढायची नळी धरणं आलं, हत्यारं निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह लावणं आलं. पेशंट मला ताई म्हणतात, म्हाताऱ्या बाया 'अगं पोरी' म्हणतात, औषध कंपन्यांचे एमआर मॅडम म्हणतात. माझं टेबल बाहेरच्या बाकासमोर आहे आणि तुमची खुर्ची दाराच्या पलीकडे. पेशंट तुमच्यासमोर येऊन आ करतो, तोवर त्याची निम्मी लढाई माझ्यासमोर होऊन गेलेली असते. ती तुम्हाला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

बाकावर काय दिसतं ते सांगते. दाढ काढायला आलेला माणूस मोबाइल हातात धरून बसतो, पण अंगठा हलत नाही. एकच फोटो पाच-पाच मिनिटं समोर. मध्येच उठून 'डॉक्टर आलेत का?' विचारतो आणि आलेत म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. बायका पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात, परत गुंडाळतात. काहीजण सारखे लघवीला जाऊन येतात. आणि एक जात अशी की टेबलाशी येऊन हळूच म्हणते, "ताई, आता दुखायचं थांबलंय बघा. पुढच्या आठवड्यात येऊ का?" रात्रभर ठणक्याने भिंतीला डोकं टेकून बसलेल्या माणसाची दाढ आमच्या पायऱ्या चढल्या की बरी होते. एवढा स्वस्त इलाज दुसरा नाही. फक्त तो एसटी स्टँडपर्यंतच टिकतो.

तुमच्या दवाखान्याला एक वास असतो, तो तुम्हाला येत नाही. लवंगेच्या तेलाचा, युजेनॉलचा. आपल्या नाकाला त्याची सवय झालेली असते. पण ज्याची दाढ लहानपणी कुणीतरी धरून-बांधून काढलेली असते, त्याला तो वास जिन्यातच ओळखू येतो. त्यात दार अर्धवट उघडं असलं की आतून मशीनचा बारीक किरकिराट येतो, मध्येच कुणाचं तरी "आं..." येतं. बाकावरची सगळी मंडळी एकमेकांकडे न बघता तेवढंच ऐकत असतात.

सात-आठ वर्षांपूर्वी कराडकडच्या एका गावचा पैलवान आला होता. कान मोडलेले, मान अशी की बाकावर बसला तर शेजारी दुसऱ्याला टेकायला जागा नाही. खालची दाढ मुळापर्यंत किडलेली, काढायचीच होती. तो खुर्चीत बसला. मी ट्रे आणून त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि वरचं कापड काढलं. त्याने पक्कड पाहिली, दाढ सैल करायचा एलिव्हेटर पाहिला, सिरिंज पाहिली. अजून कुणी त्याला बोटही लावलं नव्हतं. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले आणि गडी बसल्या जागी गेला. डॉक्टरांनी खुर्ची आडवी केली, आम्ही पाय उचलून धरले, दोन मिनिटांत त्याने डोळे उघडले. पहिला प्रश्न काय, तर "बाहेर कुणाला कळलं नाही ना?"

मग बोलता बोलता कळलं की सकाळपासून पोटात काही नव्हतं. 'आपरेशन' आहे म्हणून आईने चहासुद्धा दिला नव्हता. जबड्यापुरती भूल द्यायची असेल तर उपाशी राहायची गरज नसते, उलट पोटभर खाऊन आलेलं बरं, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. आम्हाला ते इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलं नाही. आणि कापड मी त्याच्या डोळ्यांसमोर काढलं, कारण रोज तसंच काढत होते. चूक पूर्णपणे माझ्या बाजूची. पैलवान मात्र जाताना माझीच माफी मागून गेला.

त्यालाही मी सांगितलं होतं, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन याचा हिशेब नाही. तुम्हीही बोलता. कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेलं पोरही पहिल्या दिवशी हेच बोलतं, जणू पदवीच्या कागदावर मागच्या बाजूला छापून मिळतं. मला त्याचा अर्थ वयाच्या 43 व्या वर्षी कळला.

माझी डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ आडवी होती. वर्षातून दोनदा हिरडी सुजायची, तोंड उघडेना व्हायचं, अँटिबायोटिक घेतलं की बसायचं. शेवटी आमच्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, दिव्यासमोर धरून दाखवला. दाढेची मुळं खालच्या नसेच्या अगदी लगत होती. "हे मी करणार नाही, सर्जनकडे जा," म्हणाले. त्यांच्या या नकाराबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. म्हणून एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. नाव सांगत नाही, कारण माझी तक्रार त्या दवाखान्याबद्दल नाहीच. तिथे माझ्यासोबत जे झालं ते आमच्याकडे मी 19 वर्षं इतरांसोबत करत आले होते.

वेळ 11 ची दिली होती, आत घेतलं 1 वाजून 40 मिनिटांनी. मधल्या वेळात कुणी येऊन 'अजून तासभर लागेल' एवढंसुद्धा बोललं नाही. दर वेळी दार उघडलं की पोटात गोळा यायचा, आणि दुसऱ्याचं नाव पुकारलं की सुटल्यासारखं वाटायचं. एका सकाळीत मी दहा-बारा वेळा फाशी जाऊन परत आले. मग एक इंग्रजी कागद समोर आला. "इथे, इथे आणि इथे सही करा." मला थोडंफार इंग्रजी येतं, हे माझं दुर्दैव. त्यात लिहिलं होतं की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, क्वचित कायमची. हे मला आधीही माहीत होतं. पण वाचायला मिळालं ते खुर्चीपासून चार पावलांवर आणि विचारायला समोर कुणी नव्हतं. सही केली. माझी सही मला ओळखू येत नव्हती.

इंजेक्शन दिलं. मुंगी वगैरे काही चावली नाही. सुई टोचली तेव्हा चिमटा बसला, तो सोसण्यासारखा होता. पण पुढे औषध आत जाताना जे फुगल्यासारखं, ताणल्यासारखं वाटतं, त्याबद्दल मला कधी कुणी बोललं नव्हतं आणि मीही कधी कुणाला बोलले नव्हते. आणि मग मिनिटभराने छाती धडधडायला लागली. साधी धडधड नाही, कानात ऐकू येणारी. हात थरथरायला लागले. मला वाटलं, संपलं. औषध सोसलं नाही, आता मी जाते.

गंमत पाहा. 19 वर्षं ती भुलेच्या औषधाची बाटली मी फ्रिजशेजारच्या कपाटात लावत होते. लेबल तोंडपाठ होतं: लिग्नोकेन 2 टक्के, ॲड्रिनलिन 1:80,000. ॲड्रिनलिन कशाला घालतात तेही माहीत होतं. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, भूल जागेवर जास्त वेळ टिकते, रक्त कमी येतं. त्यातलं थोडं रक्तात गेलं की काही मिनिटं छाती धडधडू शकते, मग आपोआप शांत होते. सगळं माहीत असून त्या क्षणी मला त्यातलं अक्षरही आठवलं नाही. भीतीत माणसाचं शहाणपण सगळ्यात आधी बाहेर जातं. "आता दोन-तीन मिनिटं छातीत धडधडेल, ते औषधामुळे, घाबरायचं कारण नाही," हे एक वाक्य तेव्हा माझ्यासाठी भुलेच्या इंजेक्शनाएवढं मोलाचं होतं. ज्याला माहीत नाही तो तर त्या धडधडीलाच घाबरतो, घाबरला की धडधड वाढते आणि वाढली की आणखी घाबरतो. आणि मग डॉक्टर म्हणतात, पेशंट नर्व्हस आहे.

पुढचं सांगते. दाढेवर जोर पडायला लागला. दुखत नव्हतं, खरंच नव्हतं. पण जबडा कुणीतरी उपसून काढतंय असं वाटत होतं. भुलेने दुखणं थांबतं, दाब कळायचा थांबत नाही. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या जबड्याला ठाऊक नव्हतं. मला वाटलं भूल उतरतेय, आता पुढचा झटका दुखणार. तोंडात कापूस, सक्शन, आरसा, बोटं. बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. मी हात वर केला. सिस्टरने तो हळूच धरून खाली ठेवला आणि म्हणाली, "हात खाली ठेवा, सगळं स्टराइल आहे." तिचं चुकलं नव्हतं. मीही असे कितीतरी हात खाली ठेवलेत. त्या दिवशी मात्र डोक्यावर डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस महाबळेश्वरच्या कुठल्याशा प्लॉटबद्दल बोलत होते आणि मला एवढंच वाटत होतं की मी इथे आहे हे कुणाच्या तरी लक्षात आहे का.

25 मिनिटांत काम झालं. इतकं स्वच्छ काम की मला नंतर फारसं दुखलंसुद्धा नाही. सूज तिसऱ्या दिवसापासून उतरली, ओठ त्याच संध्याकाळी जागा झाला, सातव्या दिवशी टाके काढले. हात सोन्याचा होता त्या डॉक्टरांचा. म्हणूनच हे सांगावंसं वाटतं. एवढा हात असलेल्या माणसाकडे मी परत जाईन का, असं कुणी विचारलं तर मला उत्तर द्यायला वेळ लागतो.

परत आले आणि टाके असलेल्या तोंडानेच आमच्या डॉक्टरांशी बोलले. ते आधी हसले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "ठीक आहे, पण वेळ कुठून आणायचा?" तुम्हीही हेच म्हणाल म्हणून आमचा हिशेब मांडते. आदल्या संध्याकाळच्या फोनला चार-पाच मिनिटं लागतात. खुर्चीत चक्कर आलेला पेशंट सावरायला, त्याच्या बायकोला सावरायला, नंतरच्या दोघांची समजूत काढायला पाऊण तास जातो. आणि न सांगता न आलेल्या पेशंटची अर्ध्या तासाची रिकामी खुर्ची वेगळीच. वर्षभराने वेळेचं तुणतुणं डॉक्टरांनीच बंद केलं.

फोनवर मी असं बोलते: "ताई बोलतेय दवाखान्यातून. उद्या साडेदहाला यायचंय ना? नाश्ता करूनच या, उपाशी येऊ नका. उद्या चतुर्थी आहे, तुमचा उपवास असेल तर परवा या. बीपीची, शुगरची गोळी रोजच्यासारखी घ्या. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? असेल तर मनाने बंद करू नका, मला सांगा, डॉक्टर तुमच्या हार्टच्या डॉक्टरांशी बोलतील. आत साधारण अर्धा तास लागेल. त्यातली पहिली दहा मिनिटं फक्त भूल चढायची वाट बघायची असते, तेव्हा कुणी काही करणार नाही." हे शेवटचं वाक्य ऐकून पलीकडून सुटलेला श्वास मला फोनमध्ये ऐकू येतो. लोकांना वाटतं, आत पाऊल टाकलं की लगेच पक्कड.

मग मी विचारते, "कशाची भीती वाटते?" 'भीती वाटते का' असं विचारत नाही. तसं विचारलं की पुरुष लगेच नाही म्हणतात. आणि मग एकेक बाहेर येतं. वरचा दात काढला की डोळा अधू होतो, हे तर दर महिन्याला येतं. दाताच्या नसेचा आणि नजरेच्या नसेचा काही संबंध नाही, हे आम्ही कवटीचं चित्र दाखवून सांगतो. म्हातारपणी दात पडायला लागतात त्याच वयात डोळ्यांत मोतीबिंदू होतो, त्यातून हे गणित कुणीतरी जुळवलं असावं, असा माझा आपला अंदाज. कुणाला सुईची भीती, कुणाला रक्ताची, कुणाला गुदमरायची, कुणाला ओकारी येईल याची. एका शिक्षकाला भीती होती ती रागावण्याची: 'इतके दिवस काय केलंत, तोंडाची ही काय अवस्था' असं डॉक्टर सगळ्यांसमोर बोलतील, म्हणून ते दोन वर्षं आलेच नव्हते. यातल्या प्रत्येकाला 'घाबरू नका' हे एकच औषध कसं लागू पडेल?

1995 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दातांच्या भीतीसाठी पाच प्रश्नांची एक यादी तयार केली, ती तुम्हाला ठाऊक असेलच. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर नंबराची वाट बघत बसलात तर? दातात मशीन चालणार असेल तर? दात साफ करायचे असतील तर? वरच्या मागच्या दाढेशी हिरडीत इंजेक्शन द्यायचं असेल तर? प्रत्येकाला एक ते पाच गुण, एकूण 25. 19 किंवा त्याच्या वर गेलं तर माणूस फारच घाबरलेला आहे असं समजायचं. आमच्या डॉक्टरांनी मला हे दाखवलं तेव्हा माझी नजर दुसऱ्या प्रश्नावर थांबली. पाचातला एक अख्खा प्रश्न माझ्या बाकाबद्दल आहे! मी ते प्रश्न आपल्या बोलीत करून एका पानावर छापून घेतले. पेशंट टिकमार्क करतो, पान डॉक्टरांसमोर जातं, डॉक्टर आकडा बघून वागतात. 19 च्या पुढचा पेशंट आम्ही सकाळी पहिला घेतो, म्हणजे त्याला दिवसभर मनात शिजवत बसावं लागत नाही. आणि त्याला बाहेर बसवत नाही, आला की थेट आत.

ट्रे आता पेशंटच्या डोक्यामागे लागतो, झाकलेला. सुईच्या आधी हिरडी कोरडी करून बधिर करणारं जेल लावतो आणि खरोखर मिनिट-दोन मिनिटं थांबतो. लावून लगेच टोचायचं असेल तर लावू नये, जेलला काय कळतंय. औषध हळू सोडायचं. घाईत ढकललं की तेच जास्त दुखतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. खालच्या जबड्याला भूल दिल्यावर ओठ जड झाला का, जिभेची अर्धी बाजू मुकी झाली का, हे पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं. त्याला स्वतःला पटलं पाहिजे की भूल चढली. मग डॉक्टर टोकदार हत्याराने हिरडीला टोचून दाखवतात: "हे दुखतंय की नुसतं दाबल्यासारखं वाटतंय?" दोन्हींतला फरक सुरुवातीलाच कळला की मधल्या झटापटीत माणूस दचकत नाही. आणि पू झालेल्या जागेत भूल नीट लागत नाही, तेव्हा पेशंट 'दुखतंय' म्हणाला तर ते खरं धरायचं. "दुखूच शकत नाही" हे वाक्य मी फार मोठमोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. ज्याचं दुखतं त्याला ते शिवीसारखं लागतं.

सगळ्यात मोठा बदल मात्र फुकटचा आहे. डावा हात वर केला की सगळं थांबणार. डॉक्टर हे आधी सांगतात आणि एकदा करून दाखवतात: "करा बघू हात वर." पेशंट हात वर करतो, डॉक्टर दोन्ही हात तोंडातून बाहेर काढतात. आम्हाला धास्ती होती की लोक दर मिनिटाला हात वर करतील. घडलं उलटंच. बहुतेकजण पहिल्या दोन मिनिटांत एकदा करून बघतात, खरंच थांबतात का याची खात्री करायला. मग नाही करत. पण त्या पहिल्या वेळी थांबलात नाही, तर पुढचं सगळं मुसळ केरात.

एकदा आमच्याकडे दिवे गेले होते, इन्व्हर्टरही बंद पडलेला, खुर्ची अडकून बसली होती. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स नावाचा दातांचा डॉक्टर स्वतः खुर्चीत बसला, नायट्रस ऑक्साइड नावाचा गुंगी आणणारा वायू हुंगला आणि दुसऱ्या डॉक्टरकडून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनला त्याने हे चारचौघांत करून दाखवलं, पण पेशंट कण्हला आणि लोकांनी त्याची टर उडवली. मग ऑक्टोबर 1846 मध्ये त्याच बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर हुंगवून भूल देऊन दाखवलं आणि जगभरातल्या शस्त्रक्रियेचं रूप पालटलं. मॉर्टनही दातांचाच डॉक्टर. म्हणजे दुखू नये म्हणून सुरुवातीला जे धडपडले त्यांत तुमच्या धंद्यातले लोक होते, आणि त्यातला एक तर स्वतः आधी खुर्चीत बसला होता. मला वाटतं, तुमच्यातल्या किती जणांनी स्वतःची दाढ काढून घेतलीय, हे दवाखान्याच्या पाटीवर पदवीखाली लिहायला हरकत नाही.

हे सगळं बोलण्या-समजावण्यानेच भागतं असं माझं म्हणणं नाही. काही माणसांची भीती बोलून जात नाही. खुर्ची दिसली की दातखीळ बसते, थरथर सुटते, ती त्यांच्या हातात नसते. त्यांच्यासाठी हुंगायचा वायू आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आहे, शिरेतून द्यायचं औषध आहे. ज्यांच्याकडे सोय नाही त्यांनी सोय असलेल्याकडे पाठवावं, 'एवढ्याशा दाढेला काय भूलतज्ज्ञ' म्हणून हसू नये. आणि गोळी किंवा शिरेतलं औषध दिलं तर सोबत माणूस पाहिजे, 24 तास गाडी चालवायची नाही, शिरेतल्या औषधाला उपाशी यावं लागतं, हे कागदावर मराठीत लिहून द्या. तोंडी सांगितलेलं घाबरलेल्या माणसाच्या एका कानातून आत जातं आणि दुसऱ्यातून जिन्याच्या खाली. आमच्याकडे एकाने शेजारणीची झोपेची गोळी खाऊन यायचं केलं होतं. दुसरा धीर यावा म्हणून सकाळी नऊ वाजता दोन पेग लावून आला, त्याला दोन्ही वेळा परत पाठवला. दोन्ही वेळा म्हणजे तो परत तसाच आला.

मुलांबद्दल थोडंच बोलते, कारण तिथे दोष बहुधा डॉक्टरांचा नसतो. 'गप बस, नाहीतर डॉक्टर काका सुई टोचतील' असं घरी म्हणणाऱ्या आया बाकावर आल्या की मी त्यांना बाजूला घेते. मुलांना आधी सांगा, मग दाखवा, मग करा, ही पद्धत 1959 पासून पुस्तकात आहे. आमचे डॉक्टर हवेची पिचकारी आधी मुलाच्या नखावर सोडतात, मग त्याच्या हातात देतात, मग दातावर. माझा प्रश्न इतकाच की ही पद्धत दहा वर्षांच्या पोराला लागू आणि पन्नाशीतल्या त्याच्या बापाला का नाही?

डेंटल कॉलेजातल्या सर-मॅडमना एक विनंती वेगळी. मुंबईचं, नागपूरचं, संभाजीनगरचं सरकारी दंत महाविद्यालय असो की 1933 पासून चालू असलेलं मुंबईचं नायर डेंटल कॉलेज, तिथल्या ओपीडीत पेशंट रांगेने येतो आणि शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसतो. शेजारच्याचं सगळं त्याला दिसतं, ऐकू येतं. तिथे वेगळी शांत खोली कुठून आणणार, मला कळतं. पण बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीची चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, या पाच वर्षांत प्रत्येक पोराला एकदा तरी अर्धा तास खुर्चीत आडवं करा. तोंडात कापूस, वर दिवा, सक्शन चालू, आणि डोक्यावर दोन मित्र भलत्याच विषयावर गप्पा मारताहेत. तेवढ्यात त्याला काहीतरी सांगावंसं वाटू दे. आणि परराज्यातून आलेल्या मुलांना 'कळ येते', 'ठणकतं', 'शिवशिवतं', 'सणक जाते' यांतला फरक शिकवा. पेशंट चार वेगळी दुखणी सांगतो आणि केसपेपरवर चारही वेळा 'पेन' एवढंच उतरतं.

संमतीचा कागद मराठीत हवा आणि आदल्या भेटीत घरी न्यायला द्या. धोके लपवू नका, लोक तेवढे कच्चे नसतात. माझ्या ओठाबद्दल आठवडाभर आधी कुणी पाच मिनिटं बोललं असतं, तर मी तेव्हाही सहीच केली असती. फक्त ती माझी सही दिसली असती. आणि काम झाल्यावर कापूस दाबून तोंड बंद असलेल्या माणसाला सूचना सांगू नका, त्याला काही ऐकू येत नसतं. अर्धा-पाऊण तास कापूस दाबून धरायचा, थुंकत बसायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, आज बाहेरून बर्फ, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या उद्यापासून, ओठ बधिर आहे तोवर चावून बघायचा नाही, सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेली दिसेल. हे आधीच सांगा. सूज वाढणार हे माहीत असलेला माणूस तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभा राहून रडत नाही.

आमच्या डॉक्टरांना हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझं जरा चांगलं लिही की." लिहिलं.

आता पावणेसात झालेत. सातला एका बाईंना फोन करायचाय, पन्नाशीच्या आहेत, वरच्या दोन दाढा काढायच्यात. वहीत त्यांच्या नावापुढे चार वेळा 'पुढे ढकलले' लिहिलंय, चारही वेळा माझ्याच अक्षरात. गेल्या आठवड्यात त्या नुसत्या बघायला म्हणून आल्या, खुर्चीत बसल्या, दिवा लावून घेतला, उठल्या आणि गेल्या. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "हात वर केला की खरंच थांबतात का हो?" डॉक्टर आत हात धूत होते. मी त्यांच्या वतीने हो सांगितलंय.

आपली,
बाहेरच्या टेबलावरची ताई
सातारा जिल्हा